आलं का माझं माणूस?

एका जंगलात एक पोपट राहत असे, अशी सुरुवात करायची मला फार हौस आहे. पण मुलांनो, ते खोटं ठरेल. हा पोपट जंगलात राहत नव्हता, तो जंगलात परत आला होता. पिल्लू असताना तो ढोलीतून खाली पडला आणि लाकडं गोळा करायला आलेल्या तानीबाई नावाच्या बाईने त्याला पदरात घालून घरी नेलं. घरात मांजर होतं, म्हणून पिंजरा आला. पिंजरा पडवीत टांगला गेला आणि त्यात आपल्या पोपटाची बारा वर्षं गेली.

तानीबाईने त्याला काहीही शिकवलं नाही. देवाचं नाव नाही, श्लोक नाही, पाहुण्यांसमोर करून दाखवायची एकही गंमत नाही. सकाळी पिंजऱ्याशी येऊन "राघू, मिरची घे" म्हणायची, की झालं. पण तिची एक सवय होती. दिवेलागणीला ती उंबऱ्यात उभी राही आणि बाहेरून जो कोणी येईल त्याला म्हणे, "आलं का माझं माणूस? दमलं असंल. टेक जरा." शेतावरून नवरा आला की असंच. मोळी घेऊन लेक धुरपदा आली की असंच. चरून आलेली म्हैस दावणीकडे वळली की तिलाही असंच. म्हशीला कोणी माणूस म्हणतं का? तानीबाई म्हणायची, आणि म्हैससुद्धा घटकाभर थांबून मगच गोठ्यात जायची.

हे वाक्य पोपट आपोआप शिकला. रोज संध्याकाळी तो ते तानीबाईच्याच आवाजात, तिच्याबरोबर म्हणू लागला. पण एक गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. हे वाक्य बाहेरून येणाऱ्याला म्हणायचं असतं. पिंजऱ्यातला पोपट बाहेर जाणार कधी आणि येणार कधी? त्यामुळे घरातल्या सगळ्यांना ते मिळालं, म्हशीला मिळालं, दोन शेळ्यांना मिळालं, आणि ते जो रोज म्हणत होता त्या एकट्याला कधीच मिळालं नाही. कोणीतरी एकदा, एकदाच, आपल्याला तसं विचारावं असं त्याला फार वाटे. पिंजऱ्याचं दार उघडं मिळावं याहीपेक्षा जास्त वाटे.

दिवस कोणासाठी थांबत नाहीत. नवरा गेला, धुरपदा लग्न होऊन नदीपलीकडे गेली, म्हैस विकली. उंबऱ्यातून यायला कोणी उरलं नाही. शेवटी तानीबाईचे गुडघे आणि डोळे दोन्ही थकले, तेव्हा लेक तिला न्यायला बैलगाडी घेऊन आली. गाडीत बसण्याआधी तानीबाईने चाचपडत पिंजऱ्याचं दार उघडलं. "तिकडं मांजरं लई हायेत, राघू," ती म्हणाली, "जा बाबा तुझ्या रानात."

असा तो रानात परत आला. पोपटांच्या थव्याने त्याला घेतलं नाही असं नाही. पण थवा कोसकोस उडे आणि याच्या पंखांत बळ नव्हतं. थव्याची हाकही तो विसरून गेला होता. मग त्याने ओढ्याकाठच्या उंबरावर मुक्काम केला. दिवसभर आसपासची फळं खावीत आणि संध्याकाळी खालच्या फांदीवर येऊन बसावं, असा त्याचा नेम झाला. उंबराखालून जनावरांची घरी परतायची वाट होती. पहिल्याच संध्याकाळी पाणी पिऊन एक छोटी हरणी, भेकरी, त्या वाटेने आली, आणि पोपटाच्या तोंडून निघालं, "आलं का माझं माणूस? दमलं असंल. टेक जरा."

भेकरी चार हात उडाली. ही कसली भाषा, हे कोणालाच कळेना. मग कावळ्याला बोलावलं गेलं. कावळा हा त्या रानातला माणसांच्या भाषेचा जाणकार. गावाशी आपलं किती घट्ट नातं आहे, हे तो सगळ्यांना ऐकवत असे. "माणसं माझी किती वाट बघतात तुम्हाला ठाऊक नाही," तो म्हणे. "कोणी मेलं की दहाव्या दिवशी नदीवर भाताचे पिंड ठेवतात आणि मी शिवेपर्यंत उपाशी उभी राहतात. पाहुण्यासाठीसुद्धा कोणी इतकं ताटकळत नाही." त्याने पोपटाचं वाक्य ऐकून घेतलं आणि इतरांना बाजूला नेऊन त्याचा अर्थ सांगितला. सांगताना 'माणूस' या शब्दापाशी तो जरा अडखळला.

"आम्हाला माणूस म्हणतो?" भेकरी चिडली. रानात यापेक्षा वाईट शिवी नव्हती. दोन दिवस सगळे रुसले. पण तिसऱ्या संध्याकाळी पायात काटा मोडलेला एक ससा लंगडत आला, त्याने ते वाक्य ऐकलं आणि तो खरोखरच मुळाशी टेकला. मग हळूहळू सगळ्यांना त्याची सवय झाली. दिवसभर कोण कुठे होतं, किती वेळा जीव मुठीत धरून पळालं, हे रानात कोणी कोणाला विचारत नाही. इथे निदान आलात का, एवढं तरी कोणी विचारत होतं.

सगळ्यांत जास्त सवय लागली ती घोरपडीला. ती उंबराच्या मुळाशी बिळात राहायची. खरखरीत अंग, दुभंगलेली जीभ, बोलणं जवळजवळ नाहीच. तिला कोणी कधी काही विचारलेलं नव्हतं. ती रोज उन्हं कलल्यावर सावकाश यायची, पोपटाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत हनुवटी मुळावर टेकून पडायची आणि मग बिळात शिरायची. पोपट वरून तिच्याकडे बघे. तोही आता रोज बाहेर जात होता, रोज परत येत होता. आता आपल्यालाही कोणी विचारायला हरकत नव्हती, असं त्याच्या मनात येई. पण त्याला विचारणार कोण? ते वाक्य रानात त्याला एकट्यालाच येत होतं.

आता गोष्टीत कोल्हा यायलाच हवा. प्रत्येक रानात असतो तसा याही रानात एक हुशार कोल्हा होता. त्याची वाट उंबराखालून जात नसे, त्यामुळे त्याला पोपटाने कधी विचारलं नव्हतं. त्याच्या रागाचं खरं कारण हेच असावं, असा माझा आपला एक संशय आहे. एका संध्याकाळी तो मुद्दाम उंबरापाशी आला आणि सगळे जमलेले पाहून म्हणाला, "पोपटराव, तुम्ही रोज जे बोलता त्याचा अर्थ तुम्हाला कळतो का?"

"कळतो," पोपट म्हणाला.

"मग सांगा बघू."

पोपट सांगू लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला ते सांगता येत नाही. ते कधी म्हणायचं हे ठाऊक होतं, कोणत्या आवाजात म्हणायचं तेही ठाऊक होतं. पण त्यातला कोणता शब्द म्हणजे काय, हे तानीबाईने कुठे सांगितलं होतं?

"बरं, राहू द्या," कोल्हा म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने एक वाळका ओंडका टेकडीवर नेऊन ठेवला आणि अंधारू लागताच उतारावरून सोडून दिला. पाचोळा वाजवत ओंडका उंबराखाली येऊन थांबला. वरून आवाज आला, "आलं का माझं माणूस? दमलं असंल. टेक जरा."

झुडपांतून एकच हशा उठला. कोल्हा पुढे आला. "बघितलंत? ओंडका दमला! याला पोपटपंची म्हणतात, मंडळी. आत अर्थ नाही, नुसता आवाज आहे. आणि तुम्ही त्या आवाजापुढे रोज माना टेकवता."

भेकरीला स्वतःचीच लाज वाटली. ससाही हसला, जरा जास्तच मोठ्याने हसला. घोरपड तेवढी हसली नाही. पण ती कधीच हसत नसे, त्यामुळे कोणाच्या ते लक्षात आलं नाही. पोपट वरच्या फांदीवर गेला. कोल्ह्याचं खरं आहे, असं त्याला वाटलं. ओंडक्याला विचारलं ते त्यानेच, आणि ज्याचा अर्थ कळत नाही ते बोलणं म्हणजे खोटंच बोलणं. त्या दिवसापासून त्याने तोंड मिटलं.

संध्याकाळ होतच राहिली. भेकरी दुसऱ्या वाटेने जाऊ लागली, सशाने बीळ बदललं. घोरपड मात्र रोज येऊन मुळावर हनुवटी टेकायची, थोडा वेळ वर बघायची आणि काहीच ऐकू आलं नाही की आत जायची. पोपटाला ते दिसत होतं. पण तो बोलत नसे. त्याला तानीबाईची फार आठवण येई. एकदा तिच्याकडे जावं, बाहेरून उडत उंबऱ्यात उतरावं, म्हणजे ती विचारीलच, असं त्याच्या मनात घोळत राही. पण नदीपलीकडचं ते गाव कुठे आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

मग एके दिवशी, उन्हं माथ्यावर यायच्या सुमारास, कावळा धापा टाकत उंबरावर आला.

"गड्या," तो म्हणाला, आणि नेहमीसारखा ऐटीत बोलला नाही. "तुझी म्हातारी गेली. आज दहावा आहे."

जी विचारणार होती तीच गेली, एवढंच पोपटाला कळलं.

"तिचे पिंड तसेच पडलेत," कावळा पुढे म्हणाला. "काल शेजारच्या वाडीत लग्न होतं, साऱ्या कावळ्यांची पोटं तुडुंब भरलीत. मीही दोनदा जाऊन आलो, पण भाताकडे बघवेना. ती लोकं म्हणतात, म्हातारीची इच्छा राहिली. लेक सकाळपासून उन्हात उभी आहे. घर मोडणार नाही म्हणाली, देवीची ओटी भरीन म्हणाली. मला काय ठाऊक इच्छा! तू तिच्या घरचा, तुला काही ठाऊक असेल म्हणून आलो."

"मला तिचं बोलणं कळत नाही," पोपट म्हणाला. "सगळ्यांसमोर ठरलंय ते."

"मलाही त्यांचं सगळं कुठे कळतं?" कावळा म्हणाला. "अर्धंच कळतं. मी घास घेतो भूक लागली म्हणून, आणि ती रडतात, हात जोडतात. एवढी वर्षं मी त्यांच्याकडे बघतोय, पण त्या वेळी त्यांना काय होतं ते मला अजून समजलेलं नाही. तरी मी जातोच ना? चल."

नदी दूर होती. पोपटाच्या पंखांना तेवढी सवय नव्हती, त्यात माणसांची भीती. पुन्हा पिंजरा दिसला तर? तरी तो गेला. झाडाझाडावर थांबत, कावळ्याच्या मागून तो नदीकाठच्या जांभळीवर उतरला. खाली माणसं सावल्या शोधत बसली होती. गुरुजी म्हणत होते, "आता किती थांबायचं? दर्भाचा कावळा करू आणि शिववू." एकटी धुरपदा पिंडांसमोर उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आई गेल्या दिवसापासून ती रडलीच नाही, असं बायका आपसांत बोलत होत्या.

कावळा तिसरी खेप करून पुरता थकला होता. तो जड पंखांनी पिंडांजवळच्या दगडावर उतरला आणि चोच वासून धापा टाकत उभा राहिला. पोपटाने बोलायचं ठरवलं नव्हतं. लांबून कोणीतरी आलं आहे आणि दमलं आहे, एवढं त्याला वरून दिसलं, आणि इतक्या दिवसांचं मिटलेलं तोंड उघडलं.

"आलं का माझं माणूस? दमलं असंल. टेक जरा."

आवाज तानीबाईचा होता. धुरपदाने मान वर केली नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. सकाळपासून उभी असलेली ती बाई ते ऐकल्याबरोबर मटकन वाळूत टेकली आणि मोठ्याने रडू लागली. कावळ्यानेही ते ऐकलं. त्याला उभ्या जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी टेक म्हटलं होतं. तो पुढे झाला आणि त्याने घास घेतला.

बायका धुरपदाला सावरायला धावल्या. तेव्हा तिला जांभळीवरचा हिरवा पोपट दिसला. "राघू हाय गं त्यो! आमचा राघू!" ती रडत रडत सांगू लागली. "त्याला सोडला तवापासनं आईचं एकच. रोज दिवं लावायच्या येळेला बाजंवरनं इचारायची, 'आला का माझा राघू? दमला असंल. टेकू दे जरा.' मी म्हनायची, आई, त्यो रानात गेला, आता कशाला येतोय! तरी दुसऱ्या दिशी पुन्यांदा तेच."

मुलांनो, माणसांच्या सगळ्या भाषेत पोपटाला दोनच गोष्टी ओळखता येत होत्या: ते वाक्य आणि आपलं नाव. दोन्ही एकत्र त्याने जन्मात कधी ऐकल्या नव्हत्या. आता ऐकल्या, पण ज्या घरात त्या रोज म्हटल्या गेल्या तिथे तो नव्हता. तो रानात बसून वाट बघत होता आणि ती घरात बसून वाट बघत होती.

धुरपदाने हात पुढे केला. "ये रे राघू. घरी चल." तो एक फांदी खाली आला. तिच्या हाताला तानीबाईच्या हातासारखाच चुलीचा वास होता. तो जाणारही होता. पण उन्हं कलली होती, आणि त्याला उंबराचं ते मूळ आठवलं. आता घोरपड परत येत असेल. ती हनुवटी टेकील, वर बघील आणि तिला विचारायला कोणी नसेल. त्याने धुरपदाकडे पाहून एकदा ते वाक्य म्हटलं, सावकाश म्हटलं, आणि तो उडाला. तिने हात खाली घेतला. "जा बाबा," ती म्हणाली, अगदी आईसारखीच.

कावळा पोट जड झाल्याने मागेच राहिला. पोपट एकटाच थांबत, धापा टाकत आला. उंबर दिसला तेव्हा सूर्य बुडाला होता. घोरपड केव्हाच आलेली असणार, आज विचारायचं राहिलंच, या विचाराने तो कसाबसा खालच्या फांदीवर उतरला. एवढ्यात मुळापासून एक खरखरीत, फुसफुसता आवाज आला.

"आ...लं का... माजं... मानूस."

पोपटाने मान वाकवून खाली पाहिलं.

"दमलं... असंल," घोरपड म्हणाली. दुभंगलेल्या जिभेवर ते शब्द मोठ्या मुश्किलीने चढत होते. "टेक... जरा."

योगायोगाने म्हणा किंवा कसं म्हणा, कोल्हा जवळच्याच झुडपात होता. तो बाहेर आला. "काय गं," तो म्हणाला, "तू आता जे बोललीस त्याचा अर्थ तरी कळतो का तुला?"

घोरपडीने थोडा विचार केला. "नाही," ती आपल्या रानच्या बोलीत म्हणाली. "एक शब्द कळत नाही. पण हा बाहेर गेला होता आणि अजून आला नव्हता, ते मला कळत होतं. आता आला."

कोल्ह्याला यावर पुष्कळ बोलता आलं असतं. तो हुशार होता. पण त्याने वर पाहिलं तर पोपट पंख मिटून, मान छातीशी घेऊन फांदीला टेकला होता, आणि बारा वर्षं आणि एक उन्हाळा जे वाक्य तो सगळ्यांना वाटत आला ते पहिल्यांदाच ऐकत बसला होता. कोल्हा आल्या वाटेने निघून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आपली जवळची वाट सोडून, टेकडीला उगाच वळसा घालून उंबराखालून गेला आणि जाताना पाय बराच वेळ रेंगाळवत राहिला. पोपटाने त्यालाही विचारलं.

मग भेकरी आली, ससा आला. सगळे आले तरी पोपट थोडा वेळ नदीच्या दिशेने बघत खालच्या फांदीवरच बसून राही. तिकडून आता कोणी येणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. तरी दिवेलागणीला तो तिकडे तोंड करून एकदा हळूच ते वाक्य म्हणे.

तात्पर्य : बोलणाऱ्याला शब्दांचा अर्थ कळतो का, याची परीक्षा हुशारांनी खुशाल घ्यावी, पण ज्याची वाट पाहिली जाते त्याला तो न सांगता कळतो. म्हणून आपलं माणूस घरी आलं की आधी विचारावं. विचारायचं राहिलं तर ते जन्मभर राहून जातं.